बारा काड्यांच्या दोन रचना : 'टाकाऊतून टिकाऊ'ची एक समीक्षा



आजचा विषय पत्रिकेवर 'रोजच्या वस्तूतून त्रिमितीय रचना' असा छापला आहे. नाव जरा जड झालं, पण गोष्ट आपल्या घरातलीच आहे. एखादी साधी वस्तू घ्यायची, काडी, कागद, चमचा, बाटलीचं बूच, काहीही, आणि तिच्याशी खेळता खेळता उभी राहील अशी एखादी रचना शोधायची. वास्तुकलेच्या आणि डिझाइनच्या पहिल्या वर्षाला हे करून घेतात. शाळेत आपण त्याला 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणतो. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा कात्री आणि डिंक घेऊन शिकवणाऱ्यांच्या घरी आम्ही पाहुणेच. पण या उपक्रमाच्या मुळाशी 'कल्पना सुचते म्हणजे नेमकं काय होतं' असा एक प्रश्न आहे, आणि तो आमच्या अंगणातला आहे. म्हणून बोलायचं धाडस करतो.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, की या उपक्रमाबद्दल आमची तक्रार आहे. कोणत्याही शाळेचं प्रदर्शन आठवा. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, प्लास्टिकच्या बाटलीची फुलदाणी, जुन्या सीडींचा मोर, चमच्यांचं कमळ. मेहनत आहे, नीटनेटकेपणा आहे, पालकांची रात्रभराची जागरणंही आहेत. (हशा) आता त्या कमळाजवळ उभं राहून एक साधा प्रश्न विचारा : चमच्याऐवजी पाकळीच्या आकाराचा पुठ्ठा कापून लावला असता, तर काय बिघडलं असतं? काहीच नाही. कदाचित कमळ जास्त चांगलं दिसलं असतं. कारण कमळ आधीच डोक्यात तयार होतं, चमच्याला फक्त पाकळीचं काम दिलं. चमचा खोलगट असतो, त्याला दांडा असतो, त्याचा तोल एका बाजूला जातो, एकात एक चमचे बसतात, यांपैकी कशाचीच त्या कमळाला गरज पडली नाही. याला आम्ही वस्तूचं वेशांतर म्हणतो. प्रयोग ही निराळी गोष्ट आहे, आणि आपण या दोघांना एकाच बक्षिसाच्या रांगेत उभं करतो.

हा फरक जगात फार स्पष्टपणे मांडला गेला तो जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत. योसेफ आल्बर्स तिथे पहिल्या वर्गाला शिकवत. १९२८ च्या सुमाराची हकिगत त्यांच्या एका विद्यार्थ्यानं, हानेस बेकमाननं, लिहून ठेवली आहे. आल्बर्स वर्गात वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आले, प्रत्येकाला कागद वाटले आणि म्हणाले, यातून काहीतरी करा, पण कागदाचा मान ठेवून करा. कात्री-डिंक शक्यतो नको. काही तासांनी परत येऊन पाहतात तो किल्ले, विमानं, प्राणी, मुखवटे यांचा ढीग. आल्बर्स म्हणाले, ही सगळी बालवाडीची कामं आहेत आणि यांतली बरीचशी दुसऱ्या कुठल्या वस्तूतून जास्त चांगली झाली असती. मग त्यांनी एक अगदी साधं काम उचललं. त्या मुलानं कागद फक्त लांबीच्या बाजूनं दुमडून उभा केला होता. एरवी मऊ, लोळण घेणारा कागद एका घडीनं ताठ झाला होता आणि स्वतःच्या कडेवर उभा होता. घडी घातली की कागदाला बळ येतं, हे कागदानं स्वतः सांगितलेलं होतं. किल्ल्यात तसं काही सांगितलेलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, जर्मनीत कशाला जाता? बरोबर आहे. आपल्याकडे याहून साधं आणि, आमच्या मते, याहून पुढे गेलेलं उदाहरण आहे. ते म्हणजे अरविंद गुप्ता यांचा काडेपेटीच्या काड्यांचा खेळ.

गुप्ता हे मराठी वाचकांना परके नाहीत. जन्म बरेलीचा, आयआयटी कानपूरची १९७५ ची पदवी, मग पुण्यात टेल्कोत नोकरी. १९७८ मध्ये नोकरीतून रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. हा कार्यक्रम १९७२ मध्ये खेड्यांतल्या सोळा शाळांत सुरू झालेला होता, आणि प्रयोगशाळेचं साहित्य नसताना विज्ञान हातानं कसं शिकायचं, हा त्याचा प्रश्न होता. तिथे गुप्तांच्या हाती दोन वस्तू लागल्या, काडेपेटीतली काडी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी. पुढे २००३ पासून दहाएक वर्षं ते पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, हे सगळं तुम्हांला ठाऊक असेल. आम्हांला बोलायचं आहे ते त्या काडी आणि नळीबद्दल.

कृती अशी. काडीचं गूल खरवडून टाकायचं. नळीचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे करायचे. तुकड्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी खुपसली की दोन काड्यांचा सांधा झाला. तीन काड्या, तीन सांधे : त्रिकोण. दाबा, ओढा, तो आपला आकार सोडत नाही. चार काड्या, चार सांधे : चौकोन. बोट लावलं की कलतो आणि पतंगासारखा तिरपा होतो. पाच काड्यांचा पंचकोन तर कधी घरासारखा दिसतो, कधी होडीसारखा. पुस्तकात 'त्रिकोण हा दृढ असतो' असं एक वाक्य असतं. ते इथे बोटांना कळतं, आणि चौकोनाच्या लटपटण्यामुळे जास्त कळतं.

मग त्रिमितीत जायचं. दोन काड्यांच्या सांध्याला मधोमध बाभळीच्या काट्यानं भोक पाडलं की तिसरी काडी बसते. दोन नळ्या काट्याच्या मदतीनं एकमेकींत ओवल्या की चार काड्यांचा सांधा होतो. आता आमच्या व्याख्यानाचा जो गाभा आहे तो ऐका. बारा काड्या घ्या. त्यांचा घन करा, म्हणजे फाशाचा आकार. आठ सांधे लागतील. रबर थोडं धरून ठेवतं म्हणून तो क्षणभर उभा राहील, पण जरा धक्का लागला की कलंडेल. तो सोडा. त्याच बारा काड्या पुन्हा घ्या आणि या वेळी त्यांचं अष्टफलक करा : दोन चौकोनी पिरॅमिड पायाला पाय लावून जोडल्यासारखं. याला सहाच सांधे लागतात. हे हलत नाही. काड्या त्याच, संख्या तीच, लांबी तीच. एक रचना पडते, एक उभी राहते.

कुणाला योगायोग वाटेल, म्हणून तीस काड्यांचं उदाहरण घेऊ. तीस काड्यांतून बारा सांध्यांचं विंशतिफलक होतं, वीस त्रिकोणांनी बांधलेलं. ते टणक असतं. त्याच तीस काड्यांतून वीस सांध्यांचं द्वादशफलकही होतं, बारा पंचकोनांचं. ते हातात धरेधरेपर्यंत मान टाकतं. यामागचा हिशोब मॅक्सवेल या शास्त्रज्ञानं १८६४ मध्ये मांडला : सांध्यांच्या संख्येला तीननं गुणा, सहा वजा करा, रचना उभी राहायला निदान तेवढ्या काड्या हव्यात. घनाला आठ सांधे, म्हणजे अठरा काड्या हव्यात, आपल्याकडे बारा. सहा कमी पडल्या. घनाच्या सहा बाजूंना एकेक तिरपी काडी दिली की तो ताठ होतो. पण तिथे काडेपेटीतली काडी पुरत नाही, कारण तिरपं अंतर बाजूच्या जवळजवळ १.४१ पट असतं. मग मूल खराट्याची काडी शोधून, मापून तोडतं. वर्गमूळ दोनशी त्याची ओळख अशी होते.

आता आमचं अंगण. आपल्या न्यायशास्त्रात कोणत्याही कार्याला तीन प्रकारची कारणं सांगितली आहेत. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' शिकलेल्यांना वस्त्राचं उदाहरण पाठच असतं. वस्त्राचं समवायिकारण म्हणजे धागे, ज्यांत वस्त्र राहतं. निमित्तकारण म्हणजे विणकर, माग, धोटा वगैरे. आणि तिसरं असमवायिकारण, ते कोणतं? तंतुसंयोग, म्हणजे धाग्यांचं एकमेकांशी जुळणं. विद्यार्थी असताना हे तिसरं कारण आम्हांला उगाच ताणलेलं वाटायचं, आणि बऱ्याच विद्यार्थ्यांना वाटतं. धागे आहेत, विणकर आहे, झालं ना. संयोगाला वेगळं कारण कशाला मानायचं? त्याला उत्तर म्हणून बारा काड्या पुरेत. द्रव्य तेच, कर्ता तोच, आणि तरी कार्य दोन प्रकारचं. फरक कुठून आला? जोडणीतून. नैयायिकांनी जोडणीला कारणाचा दर्जा दिला तो उगाच नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं की, गुप्तांच्या या खेळातली खरी कल्पना काडीत नाही, ती नळीत आहे. काडी तर प्रत्येक घरात होती. पण काडीला काडी वळेल अशी, सुटेल अशी, पुन्हा जोडता येईल अशी धरून ठेवणारा सांधा सापडला, तेव्हा काडेपेटीतून आकार निघायला लागले. डिंकानं चिकटवलेल्या काड्यांतून हे शिकता येत नाही, कारण डिंक चौकोनालाही ताठ ठेवतो. चूक झाकली जाते. रबरी नळी चूक झाकत नाही. या खेळाचं कौतुक बहुधा 'स्वस्त आणि मस्त' या सदरात होतं, कचऱ्यातून खेळणी म्हणून होतं. ते अपुरं आहे. स्वस्तपणा हा त्याचा गुण आहेच, पण रचनाविचार म्हणून त्याची गणना बाउहाउसच्या त्या घडीच्या कागदाशेजारी व्हायला हवी.

असाच प्रसंग अमेरिकेत घडल्याचं बकमिन्स्टर फुलर सांगत असत. १८९९ मध्ये ते बालवाडीत होते. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या पद्धतीप्रमाणे मुलांना दातकोरण्या आणि वाटाणे दिले गेले. इतर मुलांनी आजूबाजूला पाहिलेल्या घरांसारखे चौकोनी ठोकळे केले. फुलरची दृष्टी फार अधू होती, घरं नीट दिसतच नव्हती. त्यांनी हाताला जे घट्ट लागलं ते केलं, आणि हाताला त्रिकोण घट्ट लागले. पुढे हेच गृहस्थ त्रिकोणांनी बांधलेल्या घुमटांसाठी जगभर नावाजले. घुमटाचं पेटंट १९५४ चं. आम्हांला यात हे महत्त्वाचं वाटतं की, ज्यांना दिसत होतं त्यांनी पाहिलेल्याची नक्कल केली, आणि ज्याला दिसत नव्हतं त्याला वस्तूचं ऐकावं लागलं.

आता गुप्तांच्या कामाबद्दलची आमची शंका. समीक्षा म्हटली की तीही सांगायला हवी. त्यांची पुस्तकं आणि एक-दोन मिनिटांच्या फिती इतक्या स्वच्छ आहेत, की पाहणारा थेट शेवटाला पोचतो. असं कापा, असं खुपसा, झालं चतुष्फलक. अडखळणं गाळलेलं असतं. शिक्षकाच्या हाती पडलं की त्याची पाककृती होते : चाळीस मुलं, चाळीस चतुष्फलकं, सगळी सारखी. घन कोसळलाच नाही, तर अष्टफलकाचं नवल कुणाला वाटणार? यात दोष गुप्तांचा कमी, आणि उत्तर आधी मागणाऱ्या आपल्या वर्गांचा जास्त. तरीही, इतकं स्वच्छ शिकवलं की शोधाची जागा आक्रसते, हे मान्य करायला हवं.

सांख्य आणि न्याय यांचा जुना वाद इथे कामाला येतो. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीपासून असतंच, तिळात तेल असतं तसं. नैयायिक म्हणतात, नाही, कार्य नव्यानं उत्पन्न होतं. काडेपेटीत अष्टफलक आधीपासून होतं का? गणितज्ञ हो म्हणेल. पण शिकणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर ते नव्यानं उत्पन्न व्हावं लागतं, प्रत्येक मुलाच्या हातात स्वतंत्रपणे. शिक्षकानं गणितज्ञासारखं जाणावं आणि वर्गात नैयायिकासारखं वागावं, एवढंच आमचं म्हणणं.

हे सगळं आपल्या भागाला नवं आहे का? अजिबात नाही. आकाशकंदील घ्या. बांबूच्या कामट्या, दोरा, कागद. ज्यानं घरी कंदील बांधला आहे त्याला माहीत आहे, की नुसता चौकोन बांधला तर तो तिरपा होतो, आणि आडवी-तिडवी कामटी दिली की ताठ होतो. मॅक्सवेलचं नाव न घेता हे ज्ञान गल्लोगल्ली होतं. विदर्भातल्या बुरडांच्या हातात ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. टोपली, सूप, परडी : सपाट पट्ट्यांतून खोली कशी निर्माण करायची, कुठे पट्टी सोडायची, कुठे वळवायची, हा त्रिमितीय रचनेचाच प्रश्न आहे. पण बुरड ते करतो तेव्हा आपण त्याला 'जातीचा धंदा' म्हणतो, आणि तीच वीण महाविद्यालयात कागदाच्या पट्ट्यांतून केली की ती 'डिझाइनची कल्पना' ठरते. विचार डोक्याचा आणि काम हाताचं, ही आपली जुनी वाटणी आहे, आणि तिला जातीची भिंत आहे. या विषयात काही पणाला लागलं असेल तर ते हे.

ही भिंत पाडायचा एक मोठा प्रयत्न इथून जवळच झाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीनं त्यावर आराखडा केला. हस्तव्यवसायातून सगळं शिक्षण, टकळीपासून अंकगणित, हा त्याचा आशय. टकळीही रोजचीच वस्तू. पुढे शाळांतून त्या विचाराचं काय झालं? आठवड्याचे एक-दोन तास 'कार्यानुभव' उरला, आणि त्यात तोरणं, भेटकार्डं, फुलदाण्या. हात कामाला लागले, पण त्या कामातून प्रश्न निघेनासे झाले. नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकण्यासाठी. ते दहा दिवसही फुलदाण्यांत जातील की बुरडाशेजारी बसून पट्टी का वळते हे विचारण्यात जातील, हे आपल्यावर आहे.

आणखी एक गोष्ट, थर्मोकोलची. २०१८ मध्ये राज्यानं त्याच्या सजावटीच्या वस्तूंवर बंदी आणली ती पर्यावरणासाठी, आणि योग्य केलं. आमची त्याच्याबद्दलची तक्रार वेगळी आहे. थर्मोकोल कधी नाही म्हणत नाही. ताजमहाल कापा, ज्वालामुखी कापा, पेशी कापा, तो होकारच देतो. ज्या वस्तूला स्वतःचं मत नाही, तिच्याकडून शिकायचं काय? बांबू मत देतो, कागद देतो, काडी देते. आपल्या नागपुरातच महापालिकेच्या शाळांतली मुलं 'अपूर्व विज्ञान मेळाव्या'त घरातल्या साध्या वस्तूंतून प्रयोग मांडतात. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आवर्जून पाहावा. तिथे गेलात तर मुलाला 'हे काय आहे' असं विचारू नका, ते पाठ असतं. 'हे आधी कसं बिघडलं होतं' असं विचारा.

मोठ्या परीक्षांचंही तेच. डिझाइनच्या प्रवेशासाठी दुसऱ्या टप्प्यात स्टुडिओ परीक्षा असते. समोर काही साहित्य ठेवतात आणि त्यातून काहीतरी उभं करायला सांगतात. हेतू उत्तम आहे. पण शिकवणी वर्गांनी त्याचीही ठरावीक उत्तरं बसवली आहेत : तारेतून हे करा, कागदातून ते करा. मुलगा परीक्षेला जाताना रचना डोक्यात घेऊनच जातो. म्हणजे पुन्हा चमच्याचं कमळ.

(श्रोत्यांतून एका शिक्षिकेचा प्रश्न : सर, हे पटतं. पण आम्हांला वर्गात पन्नास मुलं असतात आणि गुण द्यावे लागतात. लटपटणाऱ्या घनाला गुण कसे द्यायचे?)

ताई, फार कामाचा प्रश्न विचारलात. कमळाला गुण देणं सोपं, ते सुबक आहे की नाही हे दिसतं. आम्ही तीन प्रश्न सुचवू. पहिला, ही वस्तू काढून दुसरी घातली तर रचना बदलेल का? बदलत नसेल तर वस्तूशी खेळ झालेलाच नाही. दुसरा, यातला सांधा कोणता आणि तोच का निवडला? तिसरा, करताना काय पडलं, आणि त्यानंतर तू काय बदललंस? पन्नास मुलांना तोंडी विचारायला वेळ नसेल, तर पडलेली रचना टाकून न देता उभ्या रचनेशेजारी ठेवायला सांगा, एवढं पुरे. दोन्ही शेजारी दिसल्या की मुलाचा प्रवास न बोलता दिसतो, आणि दुकानातून विकत आणलेला प्रकल्पही लगेच ओळखू येतो, कारण त्याच्याकडे पडलेली रचना नसते. (टाळ्या) ज्या मुलाचा घन शेवटपर्यंत लटपटतच राहिला, पण तो कुठे आणि का लटपटतो हे ज्याला बोट ठेवून सांगता येतं, त्याला आम्ही पूर्ण गुण देऊ. त्याला फक्त सहा काड्या कमी पडल्या आहेत.